‘टक्कल व्हायरस’: एका खोट्या नावाचा आणि गळत्या केसांचा इतिहास

१/ डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत, माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस ओढताच हातात येत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. यात पुरुष होते, स्त्रिया होत्या, शाळकरी मुले होती आणि म्हातारीकोतारीही होती.

२/ जानेवारी २०२५ मध्ये ही बातमी देशभर पसरली आणि माध्यमांनी तिचे बारसे केले: ‘टक्कल व्हायरस’. विषाणू कोणीही पाहिलेला नव्हता. या नावाने दोन अनर्थ केले. गावांना संसर्गाचा डाग लागला. आणि ‘हे कशामुळे झाले?’ हा प्रश्न मागे पडून ‘हे आपल्याला लागेल का?’ हा प्रश्न पुढे आला.

३/ हा धागा त्या नावाविरुद्ध आहे. केसगळतीचा एक इतिहास सर्वपरिचित आहे: राजे, टोप, तेले, विनोद. दुसरा इतिहास क्वचितच सांगितला जातो. त्या इतिहासात केस हे शरीरात शिरलेल्या विषाचे साक्षीदार असतात. शेगावची घटना या दुसऱ्या इतिहासात मोडते. तिच्यावर निवाडा मात्र पहिल्या इतिहासाच्या सवयीने झाला.

४/ आधी पहिला इतिहास. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मधील ‘एबर्स पपायरस’ या इजिप्तच्या वैद्यकीय ग्रंथात टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांच्या चरबीचा लेप सांगितला आहे. रोमन चरित्रकार स्युटोनियस लिहितो की, ज्युलियस सीझरला मिळालेल्या सन्मानांत सदैव विजयमाला धारण करण्याचा अधिकार त्याला विशेष प्रिय होता. तिने टक्कल झाकले जाई.

५/ सुश्रुतसंहितेत ‘क्षुद्ररोगां’मध्ये इंद्रलुप्ताचे, म्हणजेच खालित्याचे, वर्णन येते. रोमकूपात शिरलेले पित्त वातासह केस पाडते आणि नंतर कफ व रक्त ते रोमकूप बुजवतात, म्हणून नवा केस उगवत नाही, अशी तेथील उपपत्ती. आजचे शरीरशास्त्र ती मान्य करणार नाही. पण क्रम पाहण्याजोगा आहे: आधी कारण, मग उपचार. पुढच्या बाजाराने हा क्रम उलटा केला.

६/ वृषणे काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण ॲरिस्टॉटलच्या लेखनात आहे. त्यामागील कारण शास्त्रीय पद्धतीने मांडायला १९४२ साल उजाडले. अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की, आनुवंशिक टकलासाठी पुरुषी संप्रेरक आवश्यक असते. दोन हजार वर्षे माहीत असलेल्या वस्तुस्थितीचे कारण शोधण्याची निकड कोणाला भासली नाही, कारण मधल्या काळात तेल उत्तम खपत होते.

७/ अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रोलंड यांचे ‘मॅकॅसर तेल’ आले. ते इतके लोकप्रिय झाले की, खुर्चीची पाठ तेलकट होऊ नये म्हणून तिच्यावर घालायच्या कापडाला इंग्रजीत ‘अँटिमॅकॅसर’ हे नाव पडले. म्हणजे तेलाने डोक्यावर केस उगवले की नाही हे अनिश्चित राहिले. खुर्च्यांवर डाग पडले हे मात्र शब्दकोशात नोंदले गेले.

८/ भारतातही हेच घडले. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ केशतेलाच्या प्रसारासाठी कथास्पर्धा सुरू केली. १८९६ चे पारितोषिक मिळवणारी कथा जगदीशचंद्र बसू यांची होती. तीत समुद्रावरचे वादळ एक बाटलीभर केशतेल ओतल्याने शांत होते. बंगालीतील आरंभीच्या विज्ञानकथांपैकी एक तेलाच्या जाहिरातीतून जन्मली, ही गंमत खरी. जाहिरातीचे सामर्थ्यही तितकेच खरे.

९/ विसाव्या शतकातील दोन औषधे या इतिहासातील खरे वळण. मिनॉक्सिडिल १९७९ मध्ये अमेरिकेत रक्तदाबावरील गोळी म्हणून मान्य झाले. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि १९८८ मध्ये तेच औषध डोक्याला लावण्यासाठी मान्य झाले. फिनास्टेराइड १९९७ मध्ये आले. दोन्हींचा उपयोग आनुवंशिक विरळपणात होतो आणि वापर थांबला की लाभही ओसरतो.

१०/ भारतीय कायदा याबाबत अनेकांना वाटतो त्याहून स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या ‘अनुसूची जे’मध्ये काही व्याधींची यादी आहे, त्या बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असा दंडक आहे. त्या यादीत कर्करोग आहे, मोतीबिंदू आहे, आणि टक्कल व नवे केस उगवणे यांचाही समावेश आहे. तरीही शहरातल्या भिंती, बसगाड्या आणि भ्रमणध्वनीचे पडदे काय सांगतात ते सर्वांसमोर आहे.

११/ या इतिहासाने समाजाच्या मनात एक समजूत खोल रुजवली: टक्कल ही ज्याची त्याची खासगी उणीव आहे आणि तिचा उपाय बाटलीत मिळतो. लग्नाच्या बाजारात विरळ केसांमुळे नाकारला गेलेला तरुण तेलामागून तेल बदलतो, त्यात त्याचा दोष काढण्यासारखे काही नाही. दोष त्या समजुतीचा आहे. कारण एके दिवशी शेकडो माणसांचे केस एकदम गळतात, तेव्हाही पहिला प्रश्न निघतो तो ‘शाम्पू कोणता लावला?’ हाच.

१२/ दुसऱ्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी केसांचे गणित. डोक्यावरील सुमारे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही क्षणी वाढत असतात; उरलेले विश्रांतीच्या अवस्थेत असतात आणि रोज ५० ते १०० गळतात. मोठा ताप, बाळंतपण किंवा उपासमार यांनंतर केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. कोविडनंतर असंख्य घरांनी हा अनुभव घेतला.

१३/ वाढत असलेले केस काही दिवसांत एकगठ्ठा गळाले, तर अर्थ वेगळा होतो. मुळाशी, जेथे पेशी वेगाने विभाजित होत असतात, तेथेच आघात झालेला असतो. कर्करोगावरील रसायने हे करतात. थॅलियम हे करते. सेलेनियमचा अतिरेक हे करतो. शेगावच्या बातमीतील ‘तीन-चार दिवस’ हे दोन शब्द म्हणूनच सर्वांत मोलाचा पुरावा होते. मथळ्यांनी त्यांचा उपयोग केवळ थरारासाठी केला.

१४/ थॅलियमचा इतिहास बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांच्या डोक्यावरील गजकर्णावर इलाज करताना केस पाडण्यासाठी थॅलियमचे क्षार पोटात दिले जात. केस पडत, आणि काही मुले दगावत. १९३० च्या सुमारास अमेरिकेत ‘कोरेम्लू’ नावाचे केस काढण्याचे थॅलियमयुक्त मलम विकले गेले. ते वापरणाऱ्या स्त्रियांच्या मज्जातंतूंना इजा झाली. केस पडणे ही त्या विषाची पहिली हाक होती.

१५/ आता सेलेनियम. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याचे नामकरण केले. शरीराला ते अत्यल्प प्रमाणात लागते. प्रमाण वाढले की तेच विष ठरते. केस आणि नखे ज्या केराटिनाची बनतात, त्यातील गंधकाची जागा सेलेनियम घेते आणि बांधणी दुबळी होते, असे मानले जाते.

१६/ अमेरिकेतील साउथ डकोटा आणि परिसरात वसाहतकाळापासून गुरांचे खूर झडत, घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळत. शेतकऱ्यांनी दोष दिला खाऱ्या पाण्याला. रोगाचे नावच पडले ‘अल्कली रोग’. १९३० च्या दशकात संशोधनाने दाखवले की, दोष पाण्यात नसून तेथील धान्यात व गवतात होता, आणि विषाचे नाव होते सेलेनियम. चुकीच्या नावाने अनेक पिढ्या चुकीच्या दिशेने शोध घेतला.

१७/ चीनमधील हूबेई प्रांतातील एन्शी येथे १९६१ ते १९६४ या काळात माणसांचे केस आणि नखे गळाली. सर्वाधिक बाधित पाच गावांत जवळजवळ निम्मी वस्ती आजारी पडली. तेथील कोळशात सेलेनियम विपुल होते, ते मातीत आणि मातीतून पिकात उतरले. दुष्काळाने भात बुडाला होता आणि लोक मका व स्थानिक भाज्यांवर जगत होते. ताटातले पर्याय संपले, तेव्हा विषाची मात्रा वाढली.

१८/ हे केवळ गरिबांच्या देशात घडते, असेही नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पोषणपूरकात लेबलावर लिहिलेल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम भरले गेले. १० राज्यांतील २०१ लोकांना त्रास झाला. केस गळणे हे त्यातील ठळक लक्षण होते. तेथे उत्पादनाचा क्रमांक सापडला, माल परत मागवला गेला. बाटलीवर क्रमांक असतो. शिधावाटप दुकानातील पोत्यातून पिशवीत ओतलेल्या गव्हावर तो नसतो.

१९/ भारतातही सेलेनियमयुक्त मातीचा पट्टा अपरिचित नाही. पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर या भागांतील काही गावांत माती व पिकांत सेलेनियमचे प्रमाण घातक असल्याचे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील संशोधकांनी १९८० च्या दशकापासून नोंदवले आहे. तेथील जनावरांचे खूर व केस झडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे शेगावच्या कित्येक वर्षे आधी ही माहिती ग्रंथालयात उपलब्ध होती.

२०/ मध्य भारताला तर अन्नातून येणाऱ्या विषाची आठवण त्याहून जुनी आहे. विल्यम स्लीमन यांच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात सागर परिसराचे वर्णन आहे. १८२९ पासून गव्हाची पिके बुडाली, लोकांनी तिवडा, म्हणजे विदर्भात ज्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात ते कडधान्य खाल्ले, आणि तरुण माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. सागर पुढे मध्य प्रांतात आले आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर.

२१/ लाखोळी खाणारे सगळेच लुळे पडले नाहीत. ज्यांच्या ताटात महिनोन्‌महिने दुसरे काहीच नव्हते, ते पडले. १९६१ मध्ये केंद्राने लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणली. बंदीने धान्य दोषी ठरले. एकाच धान्यावर जगायला लावणारी परिस्थिती निर्दोष सुटली. एन्शी आणि सागर या दोन टोकांना जोडणारा धागा हाच आहे.

२२/ या पार्श्वभूमीवर पुन्हा शेगाव. हा भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याजवळचा, त्यामुळे संशय प्रथम पाण्यावर गेला. पाण्याच्या तपासणीत क्षार आणि नायट्रेट जास्त आढळले. पाणी वाईट आहे, हे त्या गावांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. पण खारे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांचे केस नेमके त्याच आठवड्यात का गळावेत, याचे उत्तर पाण्यात नव्हते. साउथ डकोटाची चूक येथे जवळपास अक्षरशः पुन्हा घडली.

२३/ दुसरा संशय बुरशीवर, तिसरा शाम्पूवर. मलमे वाटली गेली. ज्या बायकांनी आयुष्यात शाम्पूची पुडी क्वचितच फोडली, त्यांनाही तोच प्रश्न विचारला गेला. अस्वच्छतेचा आरोप हा ग्रामीण आजारांच्या इतिहासातील सर्वांत स्वस्त निदान आहे: त्याला प्रयोगशाळा लागत नाही आणि तो करणाऱ्याचे हात आपोआप स्वच्छ ठरतात.

२४/ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. रक्त, केस, पाणी, माती यांचे नमुने घेतले गेले. त्याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास केला. विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून कोकणातील असंख्य प्राण वाचवणारे हे वैद्य. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: संशय शिधावाटपातील गव्हावर आहे आणि विष सेलेनियम आहे.

२५/ त्यांच्या मांडणीनुसार १८ गावांतील २७९ व्यक्ती बाधित होत्या. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम अनेक पटींनी वाढलेले होते आणि जस्त घटलेले होते. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. धुतलेल्या गव्हात १३.६१. गव्हात अपेक्षित कमाल प्रमाण १.९ मिलिग्रॅम. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असावा, असे त्यांचे म्हणणे.

२६/ धुतलेल्या आणि न धुतलेल्या गव्हाचे हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. विष दाण्याच्या सालीवर बसलेले नव्हते. ते दाण्याच्या आत होते. गृहिणीने गहू तीनदा पाखडला, चारदा धुतला, उन्हात वाळवला, तरी फरक पडला नसता. अस्वच्छतेचा आरोप या दोन आकड्यांपुढे एक क्षणही टिकत नाही.

२७/ आक्षेप घेतला जातो: पंजाबचा गहू देशभर जातो, मग केस फक्त याच गावांत का गळाले? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. पंजाबची सगळी माती सेलेनियमयुक्त नाही. काही पट्टेच तसे आहेत. धान्य पोत्यांनी, खेपांनी, गोदामांनी प्रवास करते. एका खेपेतील गहू मोजक्या दुकानांत उतरला, तर आजारही मोजक्या गावांतच दिसेल. विषाणूने तालुक्याच्या सीमा पाळल्या नसत्या.

२८/ दुसरा आक्षेप: एका डॉक्टरच्या तपासाने सिद्ध काय होते? विज्ञानात एक तपास पुरेसा नसतो, हे खरेच. पण मग दुसरा, तिसरा तपास लोकांसमोर मांडणे हे यंत्रणेचे काम ठरते. शंकेचा उपयोग अधिक मोजमाप करण्यासाठी व्हावा; विषय थंड होईपर्यंत वाट पाहण्यासाठी नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच परिसरातून नखे विद्रूप होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. एन्शीचा इतिहास वाचलेल्याला त्यात नवल वाटले नसते.

२९/ तिसरा आक्षेप सर्वांत निर्दय: केस परत आले, मग बिघडले काय? गहू बंद केल्यावर काहींचे केस पाच-सहा आठवड्यांत पुन्हा येऊ लागले, हे खरे. पण बाधितांत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. कोणाचे शिक्षण खोळंबले, कोणाचे ठरत आलेले लग्न मोडले. मोडलेली सोयरीक केसांबरोबर परत उगवत नाही. ‘व्हायरस’ हा शब्द ज्यांनी लिहिला, त्यांचा त्या मोडलेल्या सोयरिकीत वाटा आहे.

३०/ आता ताटाचा प्रश्न. पश्चिम विदर्भाचे ताट पिढ्यानपिढ्या ज्वारीचे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ही मोठी कमाई आहे. तिच्याविरुद्ध येथे एक अक्षरही नाही. पण ज्याला बाजारातून दुसरे पोते आणणे परवडते, तो विषाची मात्रा नकळत विभागतो. ज्याला परवडत नाही, तो ती पूर्ण घेतो. म्हणून मोफत धान्याची तपासणी अधिक कडक हवी, सैल नव्हे.

३१/ आणि येथे नागपूरचा प्रश्न येतो. शेगाव नागपूर–मुंबई लोहमार्गावरचे स्थानक. नागपुरात १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. पाणी व पर्यावरणाचा अभ्यास करणारी ‘नीरी’ १९५८ पासून आहे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स आहे. माती, पाणी, खडक आणि माणूस या चौघांचे जाणकार एका शहरात बसतात.

३२/ देशातील कोणत्या मातीत काय दडले आहे, याचे नकाशे ज्या शहरात रेखले जातात, त्याच शहराच्या प्रदेशातील माणसाला ‘शाम्पू कोणता?’ असे विचारले जावे, ही विसंगती ज्ञानाच्या अभावाची नाही. मातीचा नकाशा एका कपाटात, धान्याच्या खेपांची नोंद दुसऱ्या खात्यात आणि रुग्णाचा कागद तिसऱ्या इस्पितळात, अशी ही फाळणी आहे.

३३/ मागणी साधी आहे. सेलेनियमयुक्त ठरलेल्या पट्ट्यांतून उचललेल्या धान्याची खेप गोदामातून निघण्यापूर्वी तपासावी. दुकानातील प्रत्येक पोत्याची खेप कोणत्या गोदामाची, याची नोंद दुकानाच्या फलकावर लावावी. आणि तपासणीचा निष्कर्ष, मग तो काहीही असो, ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. तेल विकणाऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आपला माल कथेतून घरोघर पोहोचवला. शासनाला एक कागद गावापर्यंत पोहोचवणे अवघड नसावे.

३४/ पंजाबच्या शेतकऱ्यावर राग काढण्याचे कारण नाही. त्याची गुरेढोरे याच मातीवर चरतात आणि त्याचे कुटुंब याच मातीतले अन्न खाते. सेलेनियमचा पहिला बळी तोच आहे. शेगावचा गावकरी आणि नवांशहरचा शेतकरी एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी मांडणी ‘टक्कल व्हायरस’इतकीच खोटी ठरेल.

३५/ इतिहास वाचणाऱ्यांसाठी यातून एक सवय जडावी. एखाद्या गावात सामूहिक केसगळतीची बातमी आली, तर चित्र पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारावेत: किती दिवसांत? किती घरांत? ती घरे कोणते धान्य खातात? ते कोठून आले? साउथ डकोटात, एन्शीत आणि सागरमध्ये उत्तर याच प्रश्नांतून निघाले. एकाही ठिकाणी ते तेलाच्या बाटलीत नव्हते.

३६/ बोंडगाव, कालवड आणि हिंगणा ही नावे विनोदाच्या चित्रांखाली राहू नयेत. ती अन्नविषबाधेच्या इतिहासात, एन्शीच्या शेजारी, तारखेसह आणि आकड्यांसह नोंदली जावीत. ज्या माणसांच्या केसांनी साक्ष दिली, त्यांची साक्ष नोंदवून घेणे एवढे तरी इतिहासाचे देणे आहे.

(धागा समाप्त)